समुद्रातलं गोडं पाणी

नात पुढच्या महिन्यात कामासाठी चार दिवस बहारीनला जाणार आहे. तिथे काय बघू, असं तिने फोनवर विचारलं. विचारलं इंग्रजीत, मी उत्तर दिलं मराठीत. आमचं दोघींचं असंच चालतं. मी म्हटलं, बाई गं, माझी माहिती चाळीस वर्षांची शिळी आहे. मी ज्या किनाऱ्यावर चपला हातात घेऊन उभी राहायची तिथे आता म्हणे गाड्या ठेवायच्या इमारती आहेत. समुद्र भरून जमीन केलीय. मी सांगितलेलं बघायचं तर तुला कुदळ घेऊन जावं लागेल. तरी सांग, म्हणाली. म्हणून लिहायला बसले. फोनवर सांगण्यासारखं हे नाही, आणि तिच्याआधी ज्यांनी ते वाचायला हवं होतं ती माणसं आता उरलेली नाहीत.

पहिली गोष्ट, दुपारी बारा ते चार रस्त्यावर यायचं नाही. तिथली मांजरंसुद्धा येत नाहीत. मनामाच्या बाजारात सकाळी सातला जावं. बाजाराच्या तोंडाशी मोठी कमान आहे, पूर्वी म्हणे तिच्यासमोरच बोटी लागत. माझ्या वेळेलाच समुद्र तिथून बराच लांब ढकललेला होता. मासळीबाजारात सगळे हामूर हा मोठा मासा घेतात, म्हणून आपण घ्यायचा नाही. साफी नावाचा लहान मासा मिळतो, तो घ्यावा. मात्र साफ तिथेच करून घ्यावा, त्याचा काटा टोचला तर दिवसभर हात ठणकतो. समुद्रात पाय घालताना चप्पल काढू नये, तळाला दगड सुरीसारखे असतात. कुणाच्या घरी गेलीस आणि त्यांनी लहानशा कपात वेलचीची कडू कॉफी दिली, तर पुरे झाल्यावर कप थोडा हलवायचा. नाही हलवला तर ओतत राहतात. मी पहिल्यांदा अकरा कप प्याले. नाही कसं म्हणायचं, म्हणून. दोन रात्री झोप नाही. आणि त्यांच्या घरातल्या कुठल्याही वस्तूला छान म्हणायचं नाही, कारण ते ती उचलून आपल्या हातात देतात. आमच्या घरमालकिणीच्या पितळी कॉफीदाणीला मी छान म्हटलं होतं. ती अजून माझ्याकडे आहे. परत करायला गेले तेव्हा म्हातारी रागावली.

हे सगळं मी शिकले ते फजिती करून घेऊन. पण तेव्हाची मी असं कबूल करणारी नव्हते.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी लग्न होऊन तिथे गेले. आमचे हे बँकेत होते, मूळचे पुण्याचे. मी रत्नागिरीच्या बाजूच्या, खाडीच्या तोंडाशी असलेल्या गावातली. मनामाच्या झिंज वस्तीत आमची दोन खोल्यांची जागा होती आणि खाली घरमालकीण, एक बहारीनी म्हातारी, एकटी राहायची. पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात मी ह्यांना ओढून समुद्रावर सूर्यास्त बघायला नेलं. तासभर आम्ही पाण्याकडे तोंड करून बसलो. सूर्य आमच्या पाठीमागे, घरांच्या मागे बुडून गेला. आमच्या गावी सूर्य समुद्रातच बुडतो. दुसरीकडे कुठे बुडत असेल असं मला कधी सुचलंच नव्हतं. हे म्हणाले, "उद्या सकाळी येऊ. इथे उगवताना दिसेल." मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

एवढ्यावर शहाणं व्हायला हवं होतं. पण वर्षभरात मी तिथली जाणकार होऊन बसले. नवी लग्न होऊन आलेली मराठी मुलगी दिसली की तिचा नवरा तिला शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे आणायचा. मी चहा द्यायची आणि बहारीन सांगायला लागायची. वाळवंटात एकटं उभं असलेलं झाड, मुहर्रकला लाकडी बोटी बांधतात ती जागा, दक्षिणेकडचा निळा किनारा. ह्यातलं निम्मं मी पाहिलेलं नव्हतं. घरमालकीण तिच्या मोडक्या हिंदीत जे सांगायची त्यात मी आमच्या गावचं थोडं तिखटमीठ मिसळायची. मुली डोळे मोठे करून ऐकायच्या आणि मला वाटायचं, आपण किती उपयोगी बाई आहोत.

त्या शुक्रवारांना आमच्याकडे एक फिटर जेवायला यायचा. आमच्या खाडीच्या पलीकडच्या गावचा. सित्रा बेटावर कामाला होता, कंपनीच्या कॅम्पात आठजणांच्या खोलीत राहायचा. बायको गावी. शांत माणूस, माशाचा काटा न् काटा चाटून ठेवणारा. जेवण झालं की खिशातून विमानटपालाचं निळं एरोग्राम काढायचा, पेन उघडायचा आणि बसून राहायचा.

"काय झालं, भावोजी?"

"काय लिहू, वहिनी. ड्युटी, कॅम्प, ड्युटी. तेच मागच्या वेळेला लिहिलं."

मग मी सांगायला लागले. तो लिहायचा. मी त्याला त्या एकट्या झाडाखाली नेऊन बसवलं, बोटींच्या कारखान्यात फिरवलं. आणि समुद्रातलं गोडं पाणी तर मी फारच रंगवलं. घरमालकिणीने मला सांगितलं होतं की बहारीनच्या समुद्राच्या तळाला गोड्या पाण्याचे झरे आहेत. तिच्या लहानपणी मोत्यांच्या बोटीवरचे लोक कातडी पिशव्या घेऊन बुडी मारायचे आणि खाऱ्या पाण्याच्या पोटातून प्यायचं पाणी भरून आणायचे. हे मी चालू काळात आणलं आणि फिटरला त्यात घुसवलं. लिहा, भावोजी: गेल्या शुक्रवारी मी तिथे गेलो. ओंजळ भरून प्यालो. आपल्या विहिरीसारखंच लागलं आणि तुझी फार आठवण आली.

त्याने पेन थांबवलं. "वहिनी, मी कधी गेलो?"

"जाल हो. आधी लिहून तर ठेवा."

तो हसला आणि लिहिलं. शेवटी माझ्याकडे पाठ करून स्वतःची एक ओळ लिहायचा, ती मला दाखवायचा नाही. मी ह्यांना म्हणायची, बघा कसा लाजतो. हे म्हणायचे, "तू त्याच्या बायकोला पत्र लिहितेस की तुझ्या नवऱ्याला?" मी हसण्यावारी न्यायची. पंचवीस वर्षांच्या बाईला वाटतं तेवढी ती हुशार नसते. मी तर सरासरीच्या खालीच होते.

तीन-चार वर्षं असं चाललं. मग तो फोरमन झाला, त्याला फॅमिली व्हिसा मिळाला आणि त्याने मुहर्रकच्या बाजूला बुसैतीनमध्ये एक खोली घेतली. ती आली तेव्हा ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. सडपातळ, सावळी, बोलताना समोरच्याकडे थेट बघणारी. पहिल्याच शुक्रवारी मी तिला विचारलं, "काय गो, काय काय बघितलंस?"

"अजून काही नाही. हे पुढच्या शुक्रवारी नेतो म्हणाले."

पुढच्या शुक्रवारी त्याला ओव्हरटाइम होता. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तो थकलेला होता. मग उन्हाळा आला, मग थंडी पडल्यावर जाऊ असं ठरलं. मी मधूनमधून तिला चिडवायची, की नवरा इतकं फिरलेला आणि बायकोला बाजारसुद्धा दाखवत नाही. ती नुसती हसायची. तो मान खाली घालून भात कालवायचा.

ती येऊन चार-पाच महिने झाले असतील. एक दिवस सकाळी कंपनीची बस आली तेव्हा तो थांब्याजवळच्या कठड्यावर बसलेला होता. बसमधल्यांना वाटलं, डुलकी लागलीय. दोघांनी खाली उतरून खांद्याला हात लावला. हृदय बंद पडलं होतं. डब्यात तिने दिलेली भाकरी अजून गरम होती, हे मला त्या दोघांपैकी एकाने सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. माझ्या डोक्यातून ते गेलं नाही.

तिथे आपलं स्मशान आहे. तिथेच सगळं झालं. तिसऱ्या दिवशी अस्थी आणि राख तांब्यात आली, तोंडाला लाल फडकं बांधून. पुढचे विधी गावी दीर करणार होते, म्हणून तिला दहाव्यापर्यंत गावी पोचायला हवं होतं. शुक्रवारी रात्रीच्या विमानाचं तिकीट ठरलं. तोवर ती आमच्याकडे राहिली. रडत नव्हती. जेवायला वाढलं की जेवायची. तांब्या खिडकीत ठेवला होता, तिथे बसायची.

बुधवारी मला म्हणाली, "वहिनी, मला ती गोड्या पाण्याची जागा दाखवाल? थोडं तिथे सोडते. बाकीचं गावी नेते."

मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार. आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. तिचा नवरा तिथे कधी गेलेला नाही, मी गेलेली नाही, ती जागा माझ्या तोंडातून निघालेली आहे. आणि आता ही बाई तिथे त्याची राख सोडणार आहे. पहिला विचार काय आला ते सांगते, कारण तेव्हाची माझी लाज राखण्यात आता अर्थ नाही. झिंजजवळ एक मोठा गोड्या पाण्याचा तलाव होता, मुलं पोहायची त्यात. वाटलं, तिथे नेऊ आणि सांगू की हीच ती. तिला काय कळणार आहे. ह्यांना हळूच म्हटलं तर ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विचार तिथेच टाकला. म्हणाले, "आता तरी खरी जागा शोध."

मी खाली घरमालकिणीकडे गेले. सगळं सांगितलं, पत्रांचंसुद्धा. तिने हातातली जपमाळ थांबवली नाही.

"बहुतेक झरे खलास," ती म्हणाली. "सगळे जमिनीतून पाणी ओढतात, समुद्राला कुठून मिळणार. पण बुसैतीनच्या पुढे किनाऱ्यालगत एक होता. पाणी उतरलं की दगडांचं गोल कडं दिसतं. त्याच्या मध्ये हात घाल. आम्ही तिथून घागरी भरायचो. आता आहे की नाही, अल्ला जाणे." मी उठायला लागले तशी ती म्हणाली, "पाणी कधी उतरतं ते तिथल्या कोळ्याला विचार, बिन्त. फक्त ओहोटीला दिसतं."

बिन्त म्हणजे मुली. मी चाळिशीला टेकले तरी ती मला तसंच म्हणायची.

आता हे मात्र माझं राज्य होतं. ओहोटी कधी, हे मला दुसऱ्याने सांगायचं? आमच्या गावात शेंबडं पोरसुद्धा सांगतं. तिथीला तीनने गुणा, चारने भागा, जो आकडा येईल त्या तासाला भरती; त्यात सहा मिळवा, ओहोटी. शुक्रवारी द्वादशी होती. बारा त्रिक छत्तीस, छत्तिसाचा चौथा हिस्सा नऊ. सकाळी नऊला भरती, दुपारी तीनला ओहोटी. कालनिर्णयाचं पान मी ह्यांच्यासमोर आपटलं.

हे म्हणाले, "बंदरावर वेळापत्रक असतं म्हणतात. फोन करून विचारू का?"

"समुद्राचं तुम्ही मला शिकवू नका. तुमच्या गावाला नदीसुद्धा धरणातून सोडावी लागते."

"तुझ्या गावची भरती इथे व्हिसा काढून आलीय का?"

"समुद्र एकच असतो," मी म्हटलं. हे वाक्य मी फार मोठ्या रुबाबात म्हटलं. अजून मला ते ऐकू येतं.

शुक्रवारी जेवून आम्ही तिघं निघालो. तिची बॅग गाडीतच टाकली, म्हणजे तिथून परत येऊन थोडा आराम झाला की थेट विमानतळ. तांब्या तिने मांडीवर धरला होता. मुहर्रकला जाणाऱ्या सेतूवर दोन्ही बाजूंना पाणी दिसायला लागलं. पाणी फार वर होतं. मी म्हटलं, अजून पावणेतीनच वाजलेत.

बुसैतीनच्या पुढे घरं संपली तिथे गाडी थांबवली. समोर समुद्र काठोकाठ भरलेला. रस्त्याच्या कडेच्या दगडांना लाटा लागत होत्या. इतका निळा, इतका सुंदर समुद्र मी तिथे त्याआधी पाहिलेला नव्हता. ज्या दिवशी चिखल हवा होता त्या दिवशी सौंदर्य मिळालं.

"उतरेल आता," मी म्हटलं. "वाऱ्यामुळे थोडा उशीर झालाय."

आम्ही दगडांवर बसलो. ह्यांनी घड्याळाकडे पाहिलं. त्या दिवशी ते एक शब्द वावगा बोलले नाहीत, त्याचं मला जास्त लागलं. सव्वातीन झाले. मी पाण्याला लागून असलेला एक पांढरा दगड हेरून ठेवला होता, तो उघडा पडतो का बघायला. साडेतीनला तो दगड दिसेनासा झाला.

थोड्या अंतरावर एक म्हातारा कोळी मासे पकडायच्या तारेच्या पिंजऱ्याला गाठी मारत बसला होता. शेवटी हे उठून त्याच्याकडे गेले. मी बसल्या जागेवरून ऐकलं. त्याला थोडं हिंदी येत होतं, तिथल्या म्हाताऱ्या लोकांना येतंच.

"पानी नीचे कब जाएगा?"

"नीचे? सुबह गया था. अभी ऊपर आता है." त्याने हात हलवला. "अभी मफी. कल सुबह."

मफी म्हणजे नाही. एवढा शब्द तिलाही ठाऊक होता.

उद्या सकाळी ती मुंबईच्याही पुढे, एसटीत असणार होती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. आमच्या गावचं गणित आमच्या गावच्या समुद्राचं होतं. इथला समुद्र त्याच चंद्राकडे बघत असला तरी त्याचं वेळापत्रक वेगळं होतं. अरबस्तानाच्या पोटात शिरून, वळणं घेत त्याला इथवर यायला वेळ लागत असेल. हे मला नंतर कळलं. कोळ्याला विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. म्हातारीने सांगितलं होतं, ह्यांनी सांगितलं होतं. दोघांनाही मी ऐकलं नाही, कारण मी जाणकार होते.

हे गाडीपाशी जाऊन उभे राहिले. आम्ही दोघीच उरलो. मला वाटलं, निदान एक तरी खोटं आता उतरवून ठेवावं.

"अगो, मला तुला एक सांगायचंय. ती पत्रं..."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"ती तुम्ही सांगितलेली. मला विमानतळावरून घरी आणतानाच ते म्हणाले, मी इथलं काही म्हणजे काही बघितलेलं नाही, सगळं वहिनींनी माझ्याकडून लिहवून घेतलं." मग म्हणाली, "तशी मला शंका होती. समोर असताना ते कधी आठवण येते म्हणून बोलले नव्हते. आणि पत्रात दर वेळेला."

"आठवण त्यांचीच होती गो. शब्द माझे असतील."

"असेल."

त्या एका "असेल"वर मी पुढची कितीतरी वर्षं विचार केला. तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. तिला खरंच माहीत नव्हतं, आणि आता विचारायला माणूस नव्हता. ती शंका तिच्या पदरात मी घातली होती. मी नसते तर त्याने दोन ओळी लिहिल्या असत्या, पण त्या त्याच्या असत्या.

ती म्हणाली, "खाली एक ओळ त्यांची असायची. पागोळ्यांच्या बाजूची कौलं परतून घे. आईच्या गुडघ्याला तेल लावतेस ना. असं काहीबाही. अक्षर तेच, पण कळायचं. मी तेवढ्या ओळी परत परत वाचायची."

मी विचारलं, "मग तुला ठाऊक होतं, तर इथे का यायचं होतं?"

"ते म्हणाले होते, मीही बघितलेलं नाही, आपण दोघं मिळून पहिल्यांदाच बघू." तिने तांब्यावरचं फडकं नीट केलं. "ते राहिलं. म्हणून म्हटलं, आज दोघं जाऊ."

मी तिला म्हटलं की इथेच सोड थोडं, हाच तो समुद्र. ती नाही म्हणाली. "खारं पाणी गावी आहे की. तिथे सोडायचंच आहे." मग तिने कनवटीतून एक चांदीची डबी काढली. मी ती ओळखली. कुंकवाची होती, पुसून स्वच्छ केलेली. फडकं सोडून तिने तांब्यातली चिमूटभर राख तिच्यात घातली, झाकण लावलं आणि डबी माझ्या हातात दिली.

"उद्या पाणी उतरेल ना?"

"उतरेल."

"तर तुम्ही सोडा. डबी परत पाठवू नका. आणि कसं आहे तिथे ते मला लिहा." उठता उठता म्हणाली, "खरं लिहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकीण माझ्याबरोबर आली. मी बोलावलं नव्हतं, ती काळी पायघोळ अबाया घालून दारात उभीच होती. टॅक्सीने गेलो. समुद्र पार आत गेला होता. काल जिथे निळं होतं तिथे करडा चिखल, शेवाळ, दगड, आणि चिखलात चोच मारणारे पक्षी. म्हातारीने माझं मनगट धरलं आणि मला घेऊन चालायला लागली, सत्तरीची बाई, एकदाही न घसरता. बरंच आत गेल्यावर थांबली. दगडांचं एक मोडकं कडं होतं, परातीएवढं. दोन बाजू ढासळलेल्या. मध्ये वीतभर पाणी. तळाच्या वाळूतून मधूनमधून एखादा बुडबुडा येत होता, म्हाताऱ्या माणसाचा श्वास यावा तसा, आता बंद होईल असं वाटावं आणि परत यावा.

मी डबी काढली आणि तिला दाखवली. विचारल्याशिवाय करणं बरं वाटेना. ती बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिली.

"हे आमचं प्यायचं पाणी होतं," ती म्हणाली.

मी डबी परत पदरात घ्यायला लागले. तिने मान हलवली. "आता कुणी पीत नाही. सोड." आणि ती तोंड वळवून उभी राहिली.

आधी मी ओंजळ भरून प्याले. दोन घोट घेतले, तिसरा घेववला नाही. मग राख सोडली. ती कुठे जाईना. झऱ्याला तिला बाहेर लोटण्याइतका जोर नव्हता. कड्याच्या आत ती गोल गोल तरंगत राहिली, थोडी दगडांना चिकटली. मला निघता येईना. म्हातारीने घाई केली नाही. एका दगडावर बसून तिने सांगितलं की तिच्या आईचं लग्न ठरलं ते इथेच, घागर उचलायला कुणीतरी हात दिला म्हणून. दीड-दोन तासांनी पाणी परत यायला लागलं, आधी चिखलातून बोटभर रेघा, मग सगळीकडून. कडं भरलं, वरून पाणी गेलं, आणि मग राख दिसली नाही. आमचे पाय पोटरीपर्यंत भिजले तेव्हा आम्ही मागे फिरलो.

त्या रविवारी मी तिला पत्र लिहिलं. माझ्या सवयीने पहिलं एरोग्राम पार फुलून गेलं; पहाटेचा प्रकाश, पक्षी, सगळं. ते फाडलं. दुसऱ्यात लिहिलं: जागा मिळाली. दगडाचं कडं आहे, दोन बाजूंनी पडलेलं. पाणी वीतभर. मचूळ आहे, आपल्या विहिरीसारखं नाही. राख सोडली. लगेच गेली नाही, भरती आल्यावर गेली. मी तोवर थांबले होते. बरोबर खालच्या आजी होत्या. ओहोटी सकाळी होती, चूक माझी. एवढंच. पाठवताना वाटत होतं, इतकं कोरडं कुणी लिहितं का.

दोन महिन्यांनी तिचं उत्तर आलं. पोस्टाचं साधं पाकीट, आत वहीचं अर्धं पान. दिरांनी सगळं नीट केलं. कौलं परतली. तुमचं पत्र पोचलं, तुम्ही थांबलात ते बरं केलंत. आणि खाली लिहिलं होतं: आता तिथलं काही मला लिहू नका.

मी ते पान दोन-तीन दिवस जवळ ठेवलं. मग नवं एरोग्राम घेऊन बसले. वर तारीख घातली, तिला उद्देशून मायना लिहिला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बायकांना भरभरून लिहिणारी मी. त्या निळ्या कागदावर मला एकच शब्द लिहिता आला. बरं. खाली सही केली. बाकीचा कागद तसाच कोरा ठेवून तीन बाजूंनी दुमडला, चिकटवला आणि पोस्टात टाकला.